पालथ्या घड्यावर पाणी

दहावीच्या मुलांना कवितेचं रसग्रहण शिकवताना मी फळ्यावर तीन शब्द लिहून द्यायचे : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. मुलं त्या तीन खणांत कविता कोंबायची आणि मार्क घेऊन मोकळी व्हायची. यात रस कुठे राहिला, असं एकाही पोरानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं की नाही, शंकाच आहे. आता निवृत्त झाल्यावर, कुणी मार्क देणार नसताना, ज्या गोष्टीचं रसग्रहण करायला हात शिवशिवतोय ती कविता नाहीच. रोहा तालुक्यात, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात पालथं घातलेलं एक मडकं आहे ते. त्यात वालाच्या शेंगा होत्या.

रायगडकरांना एवढ्यावर कळलं असेल. पोपटी.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या तोंडून. दरवर्षी जानेवारीत ते दोन दिवसांची रजा टाकायचे. कारण विचारलं की म्हणायचे, ‘‘गावाला पोपटी लावायची आहे, बाई.’’ मला वाटायचं, असेल काहीतरी रोपबीप. घोळ ‘लावणे’ या क्रियापदाचा होता. आपण भात शेतातही लावतो आणि गॅसवरही लावतो. कुकर लावतो, विरजण लावतो. ज्या कामात माणसानं मांडामांड करायची, मग हात काढून घ्यायचे आणि वाट बघायची, त्या कामाला मराठीत ‘लावणे’ म्हणतात, हे इतकी वर्षं भाषा शिकवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पोपटी करत नाहीत, बनवत नाहीत, तळत तर नाहीतच. लावतात.

मामांनी तिचं वर्णन अनेकदा केलं, पण मी कधी गेले नाही. नोकरीत असताना जानेवारी म्हणजे स्नेहसंमेलन आणि सराव परीक्षा. निवृत्तीनंतर पहिल्याच थंडीत मात्र ठरवलं, ही पोपटी शोधायचीच. आणि शहाणपणा असा की, मामांना न विचारता, मोबाइलवर शोधून.

मुंबईची बहीण बरोबर होती. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाल्यावर अलिबागचा किनारा मुंबईच्या अंगणात येऊन बसला आहे. शनिवार-रविवारी तिथल्या रस्त्यांवर मुंबईच्याच गाड्या मुंबईच्याच गाड्यांना हॉर्न वाजवत असतात. आम्ही गेलो तिथे दारावर फलक होता : अस्सल पारंपरिक पोपटी. ‘अस्सल’ आणि ‘पारंपरिक’ हे दोन्ही शब्द एकाच फलकावर दिसले की सावध व्हावं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ताटलीत शेंगा आल्या. हिरव्या वाटणात घोळलेल्या, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. शेंग उघडली तर दाणा पिठूळ आणि आत पाणी. सालीवरून वाटण निघालं की खाली काहीच नव्हतं, उकडलेली शेंग फक्त. मडकंही होतं, टेबलाच्या मधोमध. मी आत बोट फिरवून पाहिलं. काजळीचा कण नाही. कुंभाराकडून आणलं तसं कोरं. विचारलं तर वाढणारा मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, ‘‘मॅडम, गेस्टना धूर चालत नाही.’’

त्या मुलाचा काही दोष नव्हता. बहिणीला तर शेंगा आवडल्याही. पण मला ती चव खोटी का वाटली, हे नीट सांगता येईना. मसाला जास्त होता म्हणून? धूर नव्हता म्हणून? तेवढंच असतं तर वाटण पुसून आणि निखारा ठेवून भागलं असतं. त्याचं उत्तर मिळायला आणखी एक वर्ष जावं लागलं. मध्ये एकदा मार्चमध्येही घाई करून पाहिली, पण तोवर शेंगा निबर होऊन वाळायला लागल्या होत्या. शेवटी मामांना फोन केला. ते हसले. ‘‘बाई, पोपटी मागवत नाहीत. संक्रांत होऊ द्या, मग या.’’

तर आम्ही गेलो. ताम्हिणी घाट उतरून विळ्याला, तिथून कोलाड आणि मग कुंडलिकेच्या सोबतीनं रोह्याकडे. मामांचं गाव रस्त्यापासून आत आहे. दुपारी पोचलो तेव्हा खाचरांतून भाताची खुंटं वाळून पिवळी झालेली होती आणि त्याच खुंटांच्या मधून वाल उभा होता, हिरवागार, पांढरट-जांभळ्या फुलांचा. मी सहज विचारलं, ‘‘याला पाणी कुठून देता?’’ विहीर दिसत नव्हती, पाट नव्हता, पाइप नव्हता.

मामा म्हणाले, ‘‘देत नाय. दिलेलं आहे ना आधीच.’’

हे वाक्य मी त्या वेळी ऐकून सोडून दिलं. रात्री ते परत आठवलं, त्यावर येतेच.

सूर्य कलल्यावर सगळे कामाला लागले. मामा, त्यांचे दोन भाऊ, पुतणे, शेजारची पोरं. एकूण एक पुरुष. घरच्या वहिनी पायरीवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘वर्षातली एवढी एक रात्र मला चूल नाय. शेंगा कच्च्या राहिल्या तरी मी उठायची नाय.’’ पोरं शेंगा तोडून आणत होती. भरलेली पण कोवळी शेंग निवडायची, दाणा सालीतून फुगून दिसला पाहिजे पण साल कडक होता कामा नये. एकाला मामांनी बांधावर पिटाळलं, ‘‘भांबुर्डा आण, पोतंभर.’’

इथे मी चमकले. मी राहते पुण्यात, शिवाजीनगरला. या भागाचं जुनं नाव भांबुर्डे. जमिनीच्या कागदपत्रांत ते अजून आहे. घराच्या खरेदीखतावर ‘भांबुर्डा’ हा शब्द मी कितीदा वाचला असेल, आणि या नावाचं झुडूप मात्र आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. भांबुर्ड्याहून निघून, घाट उतरून, भांबुर्डा बघायला यावं लागलं. कमरेलाही न पोचणारी रोपं, कडा कातरलेली मऊ लवदार पानं, टोकाला पिवळ्या फुलांचे झुबके. कुणी पेरत नाही. पाऊस सरला की रिकाम्या शेतात, बांधावर, वाटेच्या कडेला आपलं आपण उगवतं आणि थंडीत भरात येतं. पान चुरगळलं तर वास नाकात घुसतो. थोडा कापूर, थोडा ओवा, आणि बाकीचा वास असा की बहीण म्हणाली, ‘‘हे खाण्यात घालतात?’’ खाण्यात घालत नाहीत. खाण्याभोवती घालतात.

आता मडकं भरण्याचा क्रम सांगते, कारण सगळं रसग्रहण या क्रमात आहे. आधी तळाशी भांबुर्ड्याच्या पाल्याचा जाड थर. त्यावर शेंगा, त्यावर जाडं मीठ आणि ओवा, पुन्हा शेंगा. मध्यावर, जिथे आच बेताची लागेल तिथे, अंडी, छोटे बटाटे, रताळी. पुन्हा शेंगा, मीठ, ओवा. शेवटी तोंडाशी परत भांबुर्डा, मुठीनं दाबून दाबून, बूच मारल्यासारखा. तेल नाही. पाणी नाही. वाटण नाही. मडकं उचलून जमिनीवर पालथं घालायचं. तोंड खाली, बूड वर. मग त्याच्याभोवती आणि वरून काटक्या, सुकी पानं, भाताचा पेंढा रचायचा आणि पेटवून द्यायचं.

भरताना जो थर पहिला, तो जाळाशी सगळ्यांत जवळ. कारण मडकं उलटलं की तळ वर जातो आणि आग वरून असते. भरताना जो शेवटचा, तो जमिनीला टेकलेला, सगळ्यांत गार. आणि पोपटी उतरवल्यावर मडकं रितं करताना तोच शेवटचा थर पहिल्यांदा बाहेर येतो. म्हणजे लिहिताना एक क्रम, शिजताना दुसरा, वाचताना तिसरा. अशी रचना मी कवितेतसुद्धा फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. आणि ही कुणी सौंदर्य म्हणून केलेली नाही, वाफेच्या गरजेनं केलेली आहे. वाफ वर जाते. सरळ मडक्याला झाकण कितीही घट्ट बसवा, ती फट शोधून निघून जाणारच. मडकं पालथं घातलं की वर जायला वाटच नाही. वर आहे मडक्याचा अखंड तळ. खाली तोंडाशी दाबून बसवलेला ओला पाला. वाफ कोंडली जाते आणि शेंगांमधूनच फिरत राहते. साधी युक्ती आहे, पण तिच्यात झाकण नावाच्या वस्तूची गरजच संपवून टाकली आहे.

पण वाफ कसली? आत पाणी तर घातलेलंच नाही.

इथे मला मामांचं दुपारचं वाक्य आठवलं. दिलेलं आहे ना आधीच. कोकणात भात निघतं दिवाळीच्या मागेपुढे. पाऊस संपलेला असतो, पण खाचराच्या पोटात चार महिन्यांची ओल उरलेली असते. त्या ओलीवर वाल टाकतात. वरून पुढे पाऊस नाही, पाणी देणं नाही. जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव, एवढ्यावर तो वाढतो, फुलतो, शेंगा धरतो. भांबुर्ड्याचंही तेच. तो तर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. म्हणजे त्या मडक्यात शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगची जी वाफ घुमत होती, ती आषाढ-श्रावणाच्या पावसाची उरलेली शेवटची वाफ होती. जुलैतला पाऊस जानेवारीत शेंगा शिजवत होता.

अलिबागच्या ताटलीत काय चुकलं होतं ते मला त्या शेकोटीशी बसून कळलं. त्यांनी शेंगांना नळाचं पाणी दिलं होतं. शेंगेतलं स्वतःचं पाणी त्या पाण्यात उतरलं आणि मोरीत ओतलं गेलं. मसाला नसता, धूर असता, तरी ती पोपटी झाली नसती. या पदार्थात बाहेरचं पाणी घालणं म्हणजे कवितेचा गद्यात अर्थ लिहून देण्यासारखं आहे. सगळे शब्द तेच राहतात.

थोडं विषयांतर. सुरतेला आमची मावशी असते, म्हणून उंधियो मी लहानपणापासून खात आले आहे. संक्रांतीला, म्हणजे त्यांच्या उत्तरायणाला, सुरतेत घराघरांत उंधियो असतो : सुरती पापडी, जांभळा कंद, छोटी वांगी, मेथीची मुठियं, आणि वर तरंगणारं तेल. त्याचं नाव ‘ऊंधुं’ म्हणजे उलटं यावरून पडलं, कारण मुळात तोही शेतात पालथ्या मडक्यात लागायचा. आज तो शहरात पातेल्यात, सुलट्या पातेल्यात, गॅसवर होतो. नाव उलटं राहिलं, भांडं सुलटं झालं. चविष्ट असतो, मी दोन वाट्या खाते, पण तो आता दुसरा पदार्थ आहे हे मावशीही कबूल करते. ती स्वतःच एका जानेवारीत आम्हाला हायवेवर घेऊन गेली. वलसाडच्या अलीकडे, डुंगरीच्या आसपास, थंडीत रस्त्याच्या कडेनं मडक्यांच्या रांगा लागलेल्या असतात आणि फलक असतात : उंबाडियुं. पापडी, कंद, रताळी, बटाटे, हिरवा मसाला, तोंडाशी कलारचा उग्र वासाचा पाला, मडकं पालथं, वर जाळ. किलोवर तोलून देतात, बरोबर हिरवी चटणी आणि ताक. ट्रक थांबतात, गाड्या थांबतात, माणसं डिकीवर कागद पसरून खातात.

त्या मडक्यांच्या रांगेनं माझा एक लाडका समज मोडला. विकायला लागलं की पदार्थ नासतो, असं आपण शहरी लोक फार सहज म्हणतो. उंबाडियुं हायवेवर, वजनकाट्यावर विकलं जातं आणि तरी ते पालथ्या मडक्यातच आहे, थंडीतच आहे, तिथल्याच पापडीचं आहे. उंधियो घरात, प्रेमानं, आईच्या हातचा होतो आणि तरी तो मडकं सोडून गेला. पैशाचा यात संबंध आहेच, पण आपण समजतो तिथे नाही. अलिबागच्या त्या जागेनंही मागच्या अंगणात रोज दहा मडकी लावली असती आणि दुप्पट पैसे घेतले असते, तर मी आनंदानं दिले असते.

‘अस्सल’ कशाला म्हणायचं, यावरून शेकोटीशी भांडणही झालं, आणि ते मी काढलेलं नव्हतं. पुतण्यानं तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला होता. आता पुष्कळ ठिकाणी मडक्याऐवजी डब्यातच लावतात. फुटत नाही, लवकर तापतो, कुंभाराकडे जावं लागत नाही. मामांनी डबा लाथेनं बाजूला केला. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, मग तुमच्या आज्यानं बटाटा कुठून आणला होता?’’ मला हा मुद्दा फार आवडला. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज आहे. त्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे, जिथे पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेल्यावरही गावातली काही कुटुंबं अजून पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली बोलतात. रताळंही बाहेरूनच आलेलं. तेव्हा पोपटीच्या मडक्यात परदेशी पाहुणे फार आधीपासून बसले आहेत आणि त्यांना कुणी उठवत नाही. मग डब्यानं काय घोडं मारलं?

मी मामांच्या बाजूची. कारण बटाटा आत येऊन मडक्याच्या नियमानं वागतो. पाणी मागत नाही, तेल मागत नाही, गुपचूप वाफेत शिजतो. डबा मात्र नियमच बदलतो. पत्रा एकदम तापतो, कडेच्या शेंगा करपतात आणि मधल्या कच्च्या राहतात. माती सावकाश तापते, सावकाश निवते, आणि आतली थोडी वाफ स्वतः पिते. कोंबडीबद्दल मात्र माझं आणि मामांचंही जमत नाही. मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी मडक्याच्या पोटात ठेवायची पद्धत आता सगळीकडे आहे, त्या रात्रीही दुसऱ्या मडक्यात होती. लुसलुशीत होते, वाद नाही. पण तिच्या मसाल्याचा ओघळ शेजारच्या शेंगांना लागतो आणि मग सगळे तिच्याचबद्दल बोलत बसतात. कोंबडी म्हणजे कवितेच्या मध्येच उभं राहून कुणी भाषण ठोकावं तशी. अंडी चालतील. अंडं कवच घालून बसतं, कुणाला त्रास देत नाही, आणि बाहेर येतं तेव्हा त्याच्या पांढऱ्या भागालाही भांबुर्ड्याचा वास लागलेला असतो.

जाळ सुरुवातीला मोठा, मग बसता, मग परत पेंढा टाकून उठवलेला. एकदा रचलं की आत डोकावायची सोय नाही. कुकरला शिट्टी असते, कढईत झारा घालता येतो, भाकरी तव्यावर फुगते ती दिसते. इथे काही दिसत नाही. माणसं गोल बसतात आणि गप्पा मारतात. खाचर विकलेल्यांच्या गप्पा फार होत्या. कुणाच्या जमिनीत बंगला उठला, कुणाच्या बांधावर भिंत आली आणि गुरांची वाट बंद झाली. ज्यानं विकली होती तोही शेकोटीशी होता आणि आपल्या वाटच्या शेंगा त्यानं बाजारातून विकत आणून यात घातल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. त्याच्या शेंगा वेगळ्या कळू नयेत म्हणून मामांनीच त्या आपल्या शेंगांत मिसळल्या, हे मी पाहिलं.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. मामा उठले, तांब्यात हात बुडवला आणि मडक्याच्या बुडावर पाण्याचे शिंतोडे मारले. पाणी ओघळलं. ‘‘नाय अजून.’’ थोडा पेंढा पडला. पुन्हा दहा मिनिटांनी शिंतोडे मारले, तेव्हा चर्र आवाज आला आणि पाणी मडक्यावर टेकतं न टेकतं तोच उडून गेलं. ‘‘झाली.’’

मला हसू फुटलं, थांबेना. बहिणीला कळेना काय झालं. सगळी हयात ज्या ज्या पोराला शुद्धलेखन येईना त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे बघून मी स्टाफरूममध्ये एकच वाक्प्रचार वापरला होता. पालथ्या घड्यावर पाणी. निष्फळ खटपटीचं नाव. आणि इथे, ज्या माणसाला मी दहा वाजताची घंटा द्यायला सांगत असे, तो पालथ्या घड्यावर पाणी टाकून आतलं सगळं वाचत होता. पाणी घड्यात जावं अशी त्याची अपेक्षाच नव्हती. ते पाणी आतला निरोप बाहेर आणण्यासाठी होतं. वाक्प्रचार ज्यानं केला त्यानं पोपटी खाल्ली नसावी.

मडकं काठीनं बाजूला ओढलं, गोणपाटात धरून उचललं, तोंडातला भांबुर्डा उपसला. आणि तो वास. दुपारी चुरगळलेल्या पानाचा जो उग्र दर्प होता, त्याचं काय झालं होतं कुणास ठाऊक. कापूर गेला होता, हिरवेपणा गेला होता, उरला होता एक उबदार, थोडा औषधी, थोडा गवताचा वास, ज्यात मागे कुठेतरी ओवा आणि त्याच्याही मागे माती. शाळेत मुलं लिहायची, ‘कवीने उपमा वापरून कविता सुंदर केली आहे.’ अलंकाराचं काम वेगळंच असतं हे मला या पाल्यानं सांगितलं. तो पाला कुणी खाल्ला नाही. निथळला, बाजूला टाकला गेला, सकाळी गुरांनीही त्याला तोंड लावलेलं नव्हतं. पण तो नसता तर त्या शेंगा नुसत्या उकडलेल्या वाटल्या असत्या.

केळीच्या पानांवर शेंगांचा ढीग ओतला. त्यांचा हिरवा रंग गेला होता. काही पिवळसर, काही तपकिरी, वरच्या थरातल्या काहींना काळे चटके. एक उचलली, बोटं भाजली, दातांत धरून ओढली. आधी जिभेला सालीवरचं मीठ लागलं, जाडं, ओबडधोबड. पेणच्या बाजूच्या मिठागरांतलं, मामांनी मुद्दाम सांगितलं. मग ओवा. मग दाणा साल सोडून घसरला, आणि तो मऊ होता पण पिठूळ नव्हता, लोण्यासारखा असूनही त्याला चावण्याजोगं अंग होतं. गोड. आणि गिळताना, अगदी शेवटी, वालाचा तो जन्मजात कडसरपणा.

हा कडसरपणा मी आयुष्यभर झाकलेलाच चाखला होता. सुके वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं करतो, तेव्हा त्यात नारळ, गूळ, कोकम घालून आपण वालाला समजावत असतो. बिरडं मला प्राणप्रिय आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण पोपटीत वालाला कुणी समजावत नाही. तो जसा आहे तसा येतो, आणि तसाच आल्यामुळे दुसरी शेंग हातात घ्यावीशी वाटते. नुसता गोड असता तर दहा शेंगांत तोंड मिटलं असतं. मी किती खाल्ल्या मोजलं नाही. सालींचा ढीग माझ्यासमोर सगळ्यांत मोठा होता, वहिनींनी तो सर्वांना दाखवला.

वाढणारं कुणी नव्हतं, हेही लिहून ठेवते. पान एकच, हात सगळ्यांचे. मामा मला बाई म्हणत होते आणि मी त्यांना मामा, पण मडक्याभोवती बसल्यावर त्यांनी मला तीनदा सांगितलं की मी शेंग चुकीच्या टोकाकडून उघडते आहे. बरोबरच होतं त्यांचं.

तुम्हाला जायचं असेल तर संक्रांतीनंतर आणि शिमग्याच्या बऱ्याच आधी जा. ओळखीचं घर शोधा, नसेल तर जिथे मागच्या अंगणात काजळलेली मडकी दिसतील तिथे थांबा. शेंग त्याच दिवशी तोडलेली आहे का, विचारा. ओवा घरून नेलात तर चालेल, बाकी सगळं शेतावर असतं. पाणी लागत नाही. मडक्यावर शिंपडायला ओंजळभर पुरतं.